पँट जिथे संपत नाही

अंबरीशमामांनी जमवलेलं लग्न आजवर कधी अडलं नव्हतं. हे सगळ्या देवासला ठाऊक होतं, कारण मामाच ते सगळ्या देवासला सांगत असत. धंदा कर-सल्लागाराचा. त्यामुळे न जुळणाऱ्या दोन बाजू जुळवायच्या कशा, हे अंगात मुरलेलं. थोडं इकडचं तिकडे, थोडं पुढच्या वर्षावर, आणि खाली सही. माणसंही ते तशीच वाचत. समोरच्याच्या नमस्काराला हात किती वर जातात यावरून त्याचा हुद्दा आणि त्याची गरज, दोन्ही सांगत.

भाचा रणवीर आणि धारच्या तात्यासाहेबांची वल्लरी यांच्या लग्नात मात्र मामांना फारसं काम उरलं नाही. मुलं मुंबईला एकाच ऑफिसात, आपापलं ठरवून बसलेली. मामांच्या वाट्याला आल्या त्या फक्त दोन अटी.

पहिली रणवीरची. लग्नात म्हणाल ते नेसेन, मुंडावळ्या बांधेन, पण आदल्या संध्याकाळी सीमांतपूजनाला माझ्या पसंतीचे कपडे. त्याची पसंती म्हणजे पॅरिसच्या एका बड्या फॅशन-घराण्याचं पुरुषांसाठीचं नवं कलेक्शन. नाक्यावर टवाळक्या करणारी पोरं घालतात तसेच कपडे, पण एखाद्या संस्थानिकासाठी शिवल्यासारखे. मामांनी फोनवर फोटो पाहिले. फोटोतले तरुण जेवणाच्या पानावरून उठवल्यासारखे तोंड करून चालत होते. हुडी दोघांना पुरेल अशी, बाह्या हातापेक्षा वीतभर लांब, पँट बुटांवर गोळा होऊन पडलेली. मामांनी मत दिलं, की शिंप्यानं माप घेतलं असेल, पण कुणा दुसऱ्याचं. तरी पोराची हौस आहे, बसवून टाकू.

दुसरी अट तात्यासाहेबांची. त्यांच्या पूर्वजांकडे धार दरबारचा जामदारखाना, म्हणजे राजवस्त्रांची आणि जवाहिराची देखरेख होती. तात्यासाहेब स्वतः कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले, पण कापड चिमटीत धरायची सवय रक्तातली. त्यांना मानपान काही नको होतं. पणजोबांचं चांदीचं घंगाळ होतं, त्यात सीमांतपूजनाला जावयाचे पाय स्वतःच्या हातांनी धुवायचे, एवढंच. मग ते आपल्या घरच्या रीतीबद्दल बरंच सांगत राहिले, कुणानंतर कोण, कशानंतर काय. मामांनी पहिल्याच वाक्याला "मान्य" म्हणून टाकलं होतं आणि आता त्यांचं लक्ष पानातल्या श्रीखंडाकडे होतं.

रणवीरच्या कपड्यांचं मात्र त्यांनी तिथेच बेमालूम बसवलं. फार जुनं घराणं आहे, म्हणाले, शंभर वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांसाठी प्रवासाचे पेटारे करायचे. तात्यासाहेबांनी मान डोलवली. "घराणं जुनं आहे ना, मग हरकत नाही."

कपड्यांचं खातं वेगळं, पायांचं वेगळं. मामा समाधानानं घरी आले.

धारच्या कार्यालयासमोर गाडी थांबली आणि रणवीर उतरला, तेव्हा बँडवाल्यांचा सूर आपोआप खाली बसला. मामांनी फोटो पाहिले होते, तरी त्यांचंही भान हरपलं. मावळतीच्या उजेडात ती काळीभोर हुडी अशी काही पडत होती, की पोराचे खांदे रुंद, मान उंच आणि चाल संथ झाली होती. देवासला दोन जिने चढून धापा टाकणारा हा मुलगा कुठल्यातरी राज्याचा वारस वाटत होता. बँडमधला क्लॅरिनेटवाला शेजाऱ्याला म्हणाला, "क्या लग रिया है भिया. अपने को समझ में नी आ रिया, पर लग रिया है."

मतं पडायला लागली. कुणी म्हणालं थंडी वाजत असेल. कुणी म्हणालं परदेशात आता असंच. नव्वदीला टेकलेल्या उमाबाई, म्हणजे तात्यासाहेबांच्या आत्या, चष्मा पुसून म्हणाल्या की गोणपाट दिसतं, पण असं गोणपाट मी जन्मात पाहिलं नाही. तात्यासाहेब पुढे झाले. त्यांनी बाहीची कड चिमटीत धरली, उलटली, आणि शिवणीवरून अंगठा फिरवला.

"टाका दिसत नाही," ते शेवटी हळूच म्हणाले. "जामदारखान्यात असा एकच अंगरखा होता."

मामांची छाती दोन बोटं फुगली. एक अट फिटली होती, व्याजासकट.

रणवीर पाटावर बसला. घंगाळ आलं. ऊन पाणी, वर गुलाबाच्या पाकळ्या. गुरुजी म्हणाले, जावईबापू, बूट काढा. रणवीरनं मामांना खुणेनं जवळ बोलावलं.

"मामा, ये अलग से नहीं निकलते."

"घट्ट झालेत? थांब, ओढतो."

"घट्ट नाही. पँट आणि बूट एकच आहे. पीसच एक आहे ना. बूट काढायचे तर पँट काढावी लागेल."

मामांनी वाकून पाहिलं. गुडघ्याखाली कापड सावकाश मऊ चामडं होत गेलं होतं, आणि चामडं बूट. पँट कुठे संपते ते सापडेना, कारण ती संपतच नव्हती. फोटोत जी घडी पडलेली वाटली होती ती घडी नव्हती, ती कला होती. दोन्ही खाती एकमेकांत शिरली होती, आणि दोन्हींखाली मामांची सही होती.

बॅगांची गाडी इंदूरच्या जाममध्ये अडकलेली. समोर तात्यासाहेब बाह्या सारून पाटावर बसलेले. खरं सांगितलं असतं तर मंडळी हसली असती आणि विषय संपला असता. पण अंबरीशमामांनी ठरवलेल्या गोष्टीत चूक निघाली, हे वाक्य देवासला पोहोचलं असतं. ते ताठ उभे राहिले आणि म्हणाले, की मुलाचा पाय मुरगळलाय, बूट काढवत नाही, पाणी वरूनच शिंपडा.

हा उपाय दुसऱ्या कुठल्याही घरात चालला असता. पण वल्लरीच्या मेधाकाकू हाडांच्या डॉक्टर निघाल्या. त्या नेसत्या पैठणीनिशी पुढे आल्या आणि म्हणाल्या, दाखवा बघू, सूज आहे का. मामा म्हणाले सूज नाही. मेधाकाकू म्हणाल्या, मग बूट निघायला हवा. मामा म्हणाले, म्हणजे थोडी आहे. मेधाकाकू म्हणाल्या, मग तर बूट काढायलाच हवा, नाहीतर उद्या कापावा लागेल. बूट कापावा लागेल हे ऐकून रणवीरनं दोन्ही पाय पोटाशी घेतले.

ते पाय ओढून घेणं उमाबाईंनी नेमकं पाहिलं.

"तात्या," त्या साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजल्या, "पायात काही खोट असेल हो. नाहीतर पाय लपवतं कोण?"

बायकांची कुजबुज मागच्या खुर्च्यांपर्यंत गेली आणि परत येताना सहा बोटं घेऊन आली. तात्यासाहेबांनी घंगाळाच्या कडेवरचा हात उचलला. आवाज मऊच होता. "मामासाहेब, पाय न पाहता मी मुलगी देणार नाही. आमच्याकडे तसं झालेलं नाही." मागे उभी असलेली वल्लरी रणवीरकडे बघत होती. त्याच्या पायांना खोट नाही हे तिला ठाऊक असावं, पण ते इथे कसं सांगणार?

मामांनी पाच मिनिटं मागितली आणि भाच्याला बखोटीला धरून आतल्या खोलीत नेलं.

आत हिशेब सोपा होता. एक धोतर होतं आणि ते मामांच्या कमरेला होतं, वरमामाला शोभेसं, रुंद काठाचं. मामांनी ते सोडलं आणि भाच्याला नेसवलं. मग राहिलेल्या एकमेव वस्त्राकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पाय आत घातला.

आणि त्यांची सगळी टीका तिथेच संपली. आत अस्तर होतं की साय, कळेना. चामडं पोटरीला असं भिडलं, जसं कुणी इतकी वर्षं त्याच पोटरीची वाट बघत होतं. शिंप्यानं दुसऱ्या कुणाचं माप घेतलं होतं खरं. ते मामांचं होतं. त्यांनी आरशासमोर एक फेरी मारली, मग आणखी एक. रणवीरनं दाराशी जाऊन हाक मारली तेव्हा ते तिसऱ्या फेरीत होते.

बाहेर रणवीर आला. वर पॅरिसची हुडी, खाली देवासचं धोतर, आणि त्याखाली दोन निर्दोष, गोरे पाय, पाच पाच बोटांचे. मग धारची तरुण मंडळी फोन घेऊन उठली. आता समजलं, असं सगळे म्हणायला लागले. असली लुक ये है भिया, वो तो बस टीजर था. उमाबाईंनी बोटं स्वतः मोजली. मेधाकाकूंनी घोटा तीनदा फिरवून पाहिला आणि मामांकडे असं पाहिलं, की मामा जाऊन खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेमागे, फुलांच्या कुंडीआड उभे राहिले.

तात्यासाहेबांनी पाय धुतले. सावकाश, बोटांच्या मधून, हातरुमालानं टिपत. धुताना त्यांचे डोळे भरले आणि रणवीरचेही. वल्लरी हसली. मामांनी कुंडीआडून सुस्कारा सोडला. लग्न वाचलं, सही वाचली, आणि पायांत जे होतं ते परत करायची काही घाई नव्हती.

तात्यासाहेब उठले. त्यांनी घंगाळातलं पाणी बदलायला सांगितलं आणि ताज्या पाकळ्या मागवल्या.

"जावयाचे झाले. आमच्या रीतीप्रमाणे आता ज्यांनी सोयरीक जमवली त्यांचे. मामासाहेब, आपण त्या दिवशी मान्य केलंतच. या, बसा पाटावर."

सगळा मंडप कुंडीकडे वळला. मामांनी कुंडी किंचित आपल्याकडे ओढली.

"माझा," ते म्हणाले, "पाय मुरगळलाय."

मेधाकाकूंनी पैठणीचा पदर खोचला आणि खुर्च्या बाजूला सारत निघाल्या.