किंचाळण्यास ना हरकत

गंगापूर रोडवरच्या स्नेहवर्धन सोसायटीत तळमजल्यावर रुद्र भामरेचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ आहे. रविवारी सकाळी अकरा वाजता तेजस्विनी आहेर तिथे माइकसमोर उभी राहिली आणि पोटातून किंचाळली. तिच्या मेटल बँडचं पहिलं गाणं संध्याकाळपर्यंत एका स्पर्धेला पाठवायचं होतं. ती लासलगावात कांद्याचा लिलाव पुकारणाऱ्याची लेक. घसा न फाडता असं किंचाळायला ती तीन वर्षं शिकली होती. तरी दिवसाला सहा-सात किंकाळ्यांपुढे गळा साथ देत नसे.

पहिली किंकाळी झकास उतरली. दुसरीच्या आधी दार वाजलं. बाहेर सोसायटीचे सचिव यादवराव खैरनार उभे होते. कोणाला लागलंय, हे त्यांनी आस्थेने विचारलं. कोणालाच लागलेलं नाही, हे गाणं आहे, असं कळल्यावर मात्र ते गंभीर झाले. काहीही झालेलं नसताना किंचाळणं सोसायटीच्या उपविधींत बसत नव्हतं. त्यांनी पोलीस चौकीतून ना हरकत दाखला आणायला सांगितलं.

चौकीतल्या हवालदारांनी सहकार्याच्या भावनेने ध्वनिक्षेपक परवान्याचा अर्ज पुढे सरकवला. ‘भोंग्यांची संख्या’ या रकान्यात तेजस्विनीने शून्य लिहिलं. भोंगाच नाही तर परवाना कशाला द्यायचा, असा हवालदारांपुढे पेच पडला. एखादा भोंगा भाड्याने आणा, मिरवणुकीचं कारण दाखवा, मग रात्री दहापर्यंत कोणाची हरकत नाही, असा मार्ग त्यांनी आपण होऊन काढून दिला.

तेजस्विनी आणि रुद्र हात हलवत परत आले तेव्हा यादवरावांनाच त्यांची दया आली. उपविधी चाळून ते म्हणाले, "घरगुती वादाला परवानगी लागत नाही. त्यात सोसायटी पडत नाही. तुम्ही दोघं नवरा-बायको आहात असं लिहून द्या."

"किती वेळासाठी?" रुद्रने विचारलं.

"चारपर्यंत. साडेचारला हॉलमध्ये महिला मंडळाचा स्नेहमेळावा आहे."

प्रकरण खरं वाटावं म्हणून अधूनमधून एखादं भांडं आपटावं, अशी तोंडी अटही त्यांनी घातली.

दोघांनी तसा अर्ज लिहून दिला. त्याचा गुण लगेच आला. तेजस्विनी आणखी पाच वेळा किंचाळली. वरच्या खिडक्या एकामागून एक सभ्यपणे बंद झाल्या, टीव्हीचे आवाज वाढले आणि खाली कोणीही आलं नाही. रुद्रने ठरल्याप्रमाणे पातेलं आपटलं.

मग गाणं ऐकून पाहताना शेवटच्या किंकाळीनंतरच्या शांततेत दोघांना आणखी एक बारीक आवाज ऐकू आला. "नका ना मारू," असं कोणीतरी म्हणत होतं. तेजस्विनीने हेडफोन काढला. आवाज अजून येतच होता, दुसऱ्या मजल्यावरून.

ती जिन्याने वर धावली. वाटेत यादवराव भेटले.

"हेही गाणंच का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग अडचण नाही. चार वर्षं नियमातच चाललंय."

तेजस्विनीने दार ठोठावलं. ते उघडेना. एका किंकाळीपुरता गळा उरला होता; तो तिने त्या दारावर खर्च केला. दुसऱ्या मजल्यावर तिच्या नावे कोणताही नवरा नोंदलेला नसल्यामुळे मिनिटाभरात सगळी इमारत जिन्यात जमली. दार उघडलं. एवढी माणसं बघून आतला इसम बाजूला झाला आणि त्याच्या मागून त्याची बायको मीना पिशवी घेऊन बाहेर आली. लोकांनी तिला वाट करून दिली, कारण त्यांना तेजस्विनीला जाब विचारायचा होता आणि मीना मधे येत होती.

मीना साडेपाचच्या एसटीने सटाण्याला माहेरी गेली. गाणंही वेळेत गेलं.

इमारतीची शांतता भंग केल्याबद्दल तेजस्विनीविरुद्धचा अर्ज सध्या सोसायटीच्या कचेरीत आहे. त्यावर बत्तीस सह्या झाल्या असून खाली भरपूर जागा सोडली आहे. सही करणारा याच इमारतीत राहणारा असावा, अशी अट नाही. आपल्या शेजारच्या घरातून कधी आवाज आला असेल आणि आपण आजवर नियमात राहिला असाल, तर आपणही पात्र आहात.