विश्राम साळिंदराचा जाहीर सत्कार

एका जंगलात सगळ्यांकडे मोबाइल होते आणि रेंज फक्त टेकडीवर यायची. कुठलं जंगल ते विचारू नका, मुलांनो. नाव घेतलं की तिथली मंडळी चिडतात आणि मग मला फोन करत बसतात.

तर त्या जंगलात विश्राम नावाचं एक साळिंदर राहायचं. बायको सुभद्रा, दोन पिल्लं आणि जांभळीच्या मुळाशी एक खोल बीळ. ते दोघांनी मिळून उकरलेलं. जमीन खडकाळ, विश्रामची नखं पार झिजून गेली. पण एकदा आत शिरलं की ना थंडी लागायची, ना कुणाची भीती वाटायची. पिल्लांचे काटे अजून मऊ होते. मऊ काट्यांचं पिल्लू उघड्यावर सापडलं तर तरस काही विचारपूस करत नाही. म्हणजे ते बीळ होतं म्हणून पिल्लं होती. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक दिवस विश्राम टेकडीवर गेला आणि त्याच्या मोबाइलवर ईमेल आला.

'प्रिय भाग्यवान विजेते, जागतिक बीळ सोडतीत आपणांस चाळीस खोल्यांचे संगमरवरी बीळ लागले आहे. त्याचा ताबा मिळण्यासाठी आपले सध्याचे बीळ तातडीने रिकामे करून आमच्या प्रतिनिधीच्या स्वाधीन करावे. ही बातमी कृपया कोणासही सांगू नये.'

आता तुम्हाला वाटेल, विश्राम भुलला. अजिबात नाही. तुमच्यापेक्षा जास्त अक्कल होती त्याला. त्याने घरी येऊन सुभद्राला सगळं वाचून दाखवलं.

"अहो, तुम्ही तिकीट काढलं होतंत का?" सुभद्राने विचारलं.

"छे गं."

"मग बक्षीस कुठून लागलं?"

"तेच म्हणतोय मी! यांना माझं नावसुद्धा माहीत नाही. आणि ज्याला चाळीस खोल्या फुकट वाटायच्यात, त्याला आपलं हे बीळ कशाला हवंय?"

"पुसून टाका मेलं ते."

बघा, इथेच गोष्ट संपायला हवी होती. मीही घरी गेलो असतो. पण विश्रामला ती गंमत एकट्याने पचेना. समोरच्या फांदीवर कावळा बसला होता. विश्राम त्याला म्हणाला, "ऐकलंस का रे? मला चाळीस खोल्यांचं बीळ लागलंय! संगमरवरी!" आणि काटे खडखडेपर्यंत हसला.

कावळ्याने बातमी सगळीकडे पोचवली. हसणं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्राम बिळाबाहेर आला, तर जांभळीला भला मोठा फ्लेक्स! 'चाळीस खोल्यांचे मानकरी विश्रामभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन!' मधोमध आप्पा रानडुकराचा फोटो, काळा चष्मा लावलेला. हे आप्पा सत्कार समितीचे अध्यक्ष. त्यांच्याभोवती गोलागोलांत समितीचे सगळे शुभेच्छुक, दात दाखवून हसणारे. विश्रामचा फोटो खाली कोपऱ्यात होता. तोही पाठमोरा.

विश्राम धावतपळत आप्पांकडे गेला. "आप्पा, अहो ते खोटं आहे!"

"मला काय सांगतोस?" आप्पा म्हणाले. "असाच ईमेल मलाही आला होता. शब्दन् शब्द हाच. लगेच पुसून टाकला. माझा खोटा होता."

"मग माझाही खोटाच की!"

"तुझा कसा खोटा असेल? तुझा फ्लेक्स लागलाय."

यावर काय बोलावं ते विश्रामला कळेना. तुम्हाला कळत असेल तर हात वर करा. नाही ना? मग गप्प बसा.

संध्याकाळी जांभळीखालीच सत्कार झाला. सगळं जंगल लोटलं होतं. मोर नाचला. पेढे वाटले गेले. आप्पांनी स्वतः विश्रामला हार घातला आणि शाल पांघरली. दोन्ही त्याच्या काट्यांत अशी अडकली की काढायची सोय उरली नाही. मग विश्रामला दोन शब्द बोलायला सांगितलं.

विश्राम उभा राहिला. "मंडळी, मी तिकीटच काढलेलं नाही. मला बक्षीस लागलेलं नाही. हा सगळा फसवाफसवीचा प्रकार आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, बघा!" आप्पा गहिवरून म्हणाले. "एवढं मिळालं, पण डोक्यात हवा गेली नाही! याला म्हणतात विनय!"

सुभद्रा मागून ओरडली, "अहो, आमचं घर जाईल! लेकरं लहान आहेत माझी!" आणि ती रडायलाच लागली.

"आनंदाश्रू," शेजारची सांबरीण म्हणाली आणि तिनेही डोळे पुसले.

एवढ्यात कोल्हा आला. ईमेल त्यानेच पाठवले होते, सगळ्या जंगलाला. आजवर एकानेही उत्तर दिलं नव्हतं, त्यामुळे बिचारा खचला होता. बातमी ऐकून नुसता बघायला आला, तर त्याला खुर्ची मिळाली. 'सोडतीचे प्रतिनिधी' म्हणून त्याच्याही गळ्यात हार पडला. कोल्ह्याला आयुष्यात पहिल्यांदा अवघडल्यासारखं झालं.

तो विश्रामच्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, "तुम्ही राहू द्या वाटल्यास. मी दुसरं बघतो कुठेतरी."

मुलांनो, हा क्षण फार मोलाचा होता. विश्रामने फक्त 'बरं' म्हणायचं होतं. बीळ वाचलं असतं.

विश्रामने समोर पाहिलं. मोर अजून धापा टाकत होता. मंडळींच्या तोंडात पेढे होते. आप्पा फोटोसाठी पोट आत ओढून उभे होते. एवढ्यांचा हिरमोड कसा करायचा? भीड पडली हो त्याला! बरं दिसेना.

"छे छे, असं कसं?" तो कोल्ह्याला म्हणाला. "या ना. बीळ आपलंच आहे."

सुभद्राने त्याच्याकडे पाहिलं. मग ती बिळात शिरली. पिल्लांना घेऊन ती बिळातून बाहेर आली आणि कोल्हा आत गेला.

पुढे पौष उजाडला. बोचरी थंडी पडली. रात्री तरस हसल्यासारखा ओरडायचा आणि पिल्लं आईला बिलगायची. कुणी चौकशीला आलं नाही. "चाळीस खोल्या मिळाल्या, आता कशाला आपल्याला विचारतील?" असं आप्पा सगळ्यांना सांगत होते.

शेवटी सुभद्रा उठली. तिने दातांनी दोऱ्या तोडून जांभळीवरचा फ्लेक्स खाली ओढला, चार काटक्या रोवल्या आणि त्यावर तो पालथा घालून पिल्लांना खाली निजवलं. विश्राम बाहेर बसून राहिला. गळ्यातला हार अजून निघाला नव्हता.

धाकटं पिल्लू उताणं पडून वर बघत होतं.

"आई, हे सगळे आपल्याला का हसतायत?"

"हसत नाहीत रे बाळा," सुभद्रा म्हणाली. "ते शुभेच्छुक आहेत. झोप तू."

तात्पर्य: बक्षिसाचा ईमेल आला तर तो खोटा समजून पुसून टाकू नये. आधी चार जणांना सांगावं. बीळ जातं, पण छप्पर मिळतं.