अनभिज्ञता प्रमाणपत्र, तीन प्रतींत

"इथे बसलेल्यांपैकी एकानं तरी हा खेळ खेळून पाहिलाय का?"

प्रश्न माझा नाही, ब्रिसाचा आहे. ती माझ्या वर्गात आहे. इमारतीच्या सभेत सगळ्यांसमोर हे विचारून दाखवलंस तर तीन आल्फाहोर, म्हणजे मध्ये गोड सारण भरलेली बिस्किटं, तीही चॉकलेटची, अशी पैज तिनं लावली होती. आल्फाहोर मला आवडतात. शिवाय ऑगस्टमध्ये सोळा वर्षं पूर्ण झाल्यापासून मला भीती वाटेनाशी झाली आहे. म्हणून विचारला.

सभा मालकांची असते. बाबांना त्या शनिवारी पाणीपुरवठा कंपनीत पाळी होती, म्हणून त्यांनी मला मुखत्यारपत्र लिहून दिलं होतं. मी वयानं लहान पडते का, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. शेवटी व्यवस्थापक सेन्योर बासुआल्दो म्हणाले, की आपल्याकडे सोळाव्या वर्षी मतदान करता येतं, आणि जी मुलगी देशाचं सरकार निवडू शकते, ती जिन्यातल्या दिव्याविषयी हात वर करू शकते. ते रोसारिओतल्या अकरा इमारती सांभाळतात. अकराही ठिकाणी लिफ्ट बंद आहे, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन आहे.

विषय क्रमांक चार होता, गच्चीवरील खोलीचा उपद्रव. त्या खोलीत एक जुना टीव्ही आणि ब्रिसाच्या चुलतभावाचा संगणक आहे. तिथे आम्ही चौघी मिळून एक खेळ बनवतोय. प्रांताच्या शालेय स्पर्धेत तो चौदा नोव्हेंबरपर्यंत द्यायचाय, आणि स्पर्धेची अट अशी, की शाळेबाहेरच्या वीस जणांनी तो खेळून, स्वतःच्या नावानं सही केलेली हवी. खेळात एक अवकाशयान आहे. कप्तानानं दर वळणावर प्रवाशांना विचारायचं. प्रवासी भांडत बसले की हवा संपते. एवढंच. बंदूक नाही, रक्त नाही.

सभेचं मत वेगळं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या सेन्योरा नेलिदा यांच्या हातात तेव्हा माते होतं, म्हणजे एकाच पेल्यातून पाळीपाळीनं नळीनं ओढायचा कडू पाल्याचा चहा. आमच्याकडे मातेचा पेला ज्याच्या हातात, तो बोलतो, आणि त्या चाळीस मिनिटं नळीला ओठ न लावता बोलल्या. असल्या खेळांनी मुलं हिंसक होतात. मेंदोसात त्यांच्या भाच्यानं असाच एक खेळ घेतला आणि वर्षात त्याचा घटस्फोट झाला. टीव्हीवरच्या त्या अवकाशातल्या मालिकेमुळे मुली सारख्या वर बघत चालतात, जिन्यात कुणीतरी पडणार. कोण पडलं, असं कुणी विचारलं नाही. पाणी गार झालं होतं आणि सगळ्यांना आपापली पाळी हवी होती.

त्यानंतर मी प्रश्न विचारला.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, जिंकले. सेन्योर बासुआल्दोंनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "प्रश्न उत्तम आहे. कुणीच खेळलेलं नाही. इतिवृत्तात लिहा, सर्व सभासद निःपक्षपाती असल्याचं आढळून आलं." मग माझ्याकडे वळले. "आणि तू?"

"मी रोज खेळते."

"म्हणजे तू हितसंबंधी. मुखत्यारपत्र रद्द."

अशा रीतीनं नियम जन्माला आला. ज्या विषयाशी ज्याचा प्रत्यक्ष संबंध आला आहे, त्यास त्या विषयावर मत देता येणार नाही. एकमतानं मंजूर. ब्रिसानं आल्फाहोर दोनच दिले. तिचं म्हणणं, प्रश्न विचारला खरा, पण वाया घालवला.

नियम लोकांना फारच आवडला. लगेच पुढच्या विषयाला लावून बघितला. सहाव्या मजल्यावरचं जोडपं रात्रंदिवस भांडतं, त्यांचं काय करावं? लग्न झालेले सगळे बाद. उरले तिसऱ्या मजल्यावरचे सेन्योर आन्सेल्मो, वय सत्तर, कुणाशी कधी दोन दिवससुद्धा संसार न केलेले. त्यांनी निकाल दिला, की पलंगाच्या मधोमध कपाट उभं करावं. जोडप्यानं ते केलं. आता ती दोघं कपाटाविरुद्ध एक झाली आहेत. सेन्योर आन्सेल्मोंकडे शेजारच्या तीन इमारतींतून माणसं सल्ला घ्यायला येतात.

राजकारणाचंही मार्गी लागलं. तळमजल्यावर वर्तमानपत्र यायचं, ते बंद केलं, कारण वाचणाऱ्याचं मत बाद होऊ लागलं. बाबा बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात आहेत, त्यामुळे पाण्याच्या दरावर त्यांना तोंड उघडायची मनाई झाली. त्या विषयावर आता तळमजल्यावरचे केशकर्तनवाले बोलतात, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त ठामपणे.

पण माणूस अनभिज्ञ आहे हे ओळखायचं कसं? त्यासाठी प्रमाणपत्र निघालं. तीन प्रतींत. 'खाली सही करणारा शपथेवर सांगतो, की सदर विषयाची त्यास कोणतीही माहिती नाही व ती मिळवण्याचा त्याने कधीही प्रयत्न केलेला नाही.' मुदत तीस दिवस. ज्ञान नकळत आत शिरतं, म्हणून दर महिन्याला नूतनीकरण.

आईनं त्या अवकाशातल्या मालिकेविषयीचं प्रमाणपत्र घेतलं. ही तीच आई, जी माझ्या शेजारी बसून तीन वर्षं ती मालिका बघत होती. एकच भाग उरला होता. तिनं टीव्ही बंद केला आणि सही केली. मी जेवताना सहज म्हणाले, कप्तानाला हवेच्या कोठीत कुणी कोंडलं असेल गं? तिनं विचारलं, कुठला कप्तान? आणि तीनदा मीठ घातलं.

खोली बंद करायचा ठराव ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी यायचा होता. इमारतीत बारा घरं. ठरावाला किमान सात प्रमाणित अनभिज्ञ हवेत. हे कळलं तेव्हा मी वर्गात हसले आणि भूगोलाच्या बाईंनी मला बाहेर काढलं. हिशोब सोपा होता. सहा जणांनी खेळ खेळला की सभा भरणारच नाही.

मी लिफ्टच्या दारावर चिठ्ठी लावली. बंद लिफ्टचं दार सगळे वाचतात. 'दुपारी दोन ते चार मुली चौकात असतील. खोलीला कुलूप नसेल. कुणीही बघायला नसेल.' दुपारची झोप ही आमच्याकडे पवित्र गोष्ट, त्या वेळात रस्त्यावर कुत्रंही भुंकत नाही. पहिल्याच दिवशी सेन्योरा नेलिदा खोली किती वाईट आहे ते बघायला वर गेल्या. सव्वा तासानं खाली उतरल्या, केस विस्कटलेले. दुसऱ्या दिवशी सेन्योर आन्सेल्मो. तिसऱ्या दिवशी जिन्यात दोघं समोरासमोर आली आणि दोघांनीही हवेचा विषय काढला. आठवडाअखेर गच्चीवर जायच्या जिन्यात रांग लागत होती, आणि रांगेतला प्रत्येक जण कपडे वाळलेत का ते बघायला आला होता. कुणाच्याही हातात कपडे नव्हते.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही गुणफलक उघडला. खेळ सुरू करायला नाव टाकावंच लागतं, तशीच सोय आम्ही केली होती. अकरा खेळाडू होते. अकराही जणांनी नाव टाकलं होतं: सुलेमा, पाचवा मजला.

सेन्योरा सुलेमा दोन वर्षांपूर्वी वारल्या.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं. वारसाहक्काचा खटला संपेपर्यंत कागदोपत्री घर त्यांचंच आहे, आणि सभेत त्यांचं मत 'पूर्वीप्रमाणेच' असं धरलं जातं. गच्चीवरच्या खोलीबद्दल त्या जिवंतपणी एकदाच बोलल्या होत्या. इतिवृत्तात आहे: 'पोरींना खेळू द्या, आवाज आला तर मी कानातलं यंत्र काढून ठेवीन.' म्हणजे बारा घरांत आमच्या बाजूचं मत एकच होतं, आणि ते एका मेलेल्या बाईचं.

त्या अकरांतला एक खेळाडू कोण ते मला ताबडतोब कळलं. कळफलकाच्या फटींत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं होती. इतक्या बिया रोसारिओत एकच माणूस चावतो, आणि तो आमच्या घरी राहतो.

शनिवारी सगळे वेळेवर आले, बाबासुद्धा. अकरा प्रमाणपत्रं टेबलावर ठेवली, तीन तीन प्रती. मी उभी राहिले. मला बोलायचा हक्क नव्हता, पण माते नेमकं माझ्या हातात आलं होतं. मी म्हणाले, की इथल्या अकरा जणांनी आमचा खेळ खेळलाय, पुरावा वर पडद्यावर आहे, चला बघायला.

सेन्योर बासुआल्दो म्हणाले, पडदा बघितला की बघणाऱ्याचं प्रमाणपत्र रद्द होईल, तेव्हा सभासद जाऊ शकत नाहीत. मग रखवालदार इलारिओला पाठवलं. तो नोकर माणूस, त्याला मत नसतं, म्हणून तो काहीही बघू शकतो. तो सहाही मजले चढून गच्चीवर गेला, उतरून आला, धाप लागलेली.

"सुलेमा," तो म्हणाला. "अकरा वेळा सुलेमा. बाईंचा हात चांगला बसलाय."

सगळ्यांनी निःश्वास सोडला. सेन्योरा नेलिदा म्हणाल्या, त्यांचा सुलेमावर पहिल्यापासून संशय होता. सेन्योर आन्सेल्मो म्हणाले, विधवा बाईला एकटेपणी असली व्यसनं लागतात. ती वारली आहे, याची आठवण इलारिओनं करून दिली, पण मत नसल्यामुळे ते नोंदवता आलं नाही. श्रीमती सुलेमा यांचा खेळाशी प्रत्यक्ष संबंध सिद्ध झाल्यानं त्यांचं मत बाद, असं इतिवृत्तात चढलं.

खोली बंद करण्याच्या बाजूनं अकरा. विरोधात शून्य. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. तो सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला. इलारिओनं संध्याकाळी संगणक काढून आमच्या दारात आणून ठेवला आणि खोलीला चिकटपट्टी लावली. सहीसाठी आणलेला कागद कोराच होता. खेळाडू अकरा, सह्या शून्य, चौदा तारखेला चार आठवडे उरलेले.

तुम्ही आमच्या इमारतीत कधी आला नाहीत. तो खेळ खेळला नाहीत. सेन्योरा नेलिदा यांना भेटलाही नाहीत. तरीही त्या कशा आहेत, माझे बाबा कसे आहेत, याविषयी एव्हाना तुमचं मत पक्कं झालंच असेल. संकोच करू नका, नियमाप्रमाणे तुम्ही पूर्ण पात्र आहात. तीन प्रतींवर सही करा.

रविवारी जेवायला राविओली होते. बाबा सांगत होते, सभेचा निर्णय वाईट वाटून घेऊ नये, असल्या खेळांत तसंही काही नसतं, नुसतं भांडणाऱ्या प्रवाशांना विचारत बसायचं. आईनं त्यांना टेबलाखालून पाय मारला. बाबा थांबले आणि पावाचा तुकडा मोडून सॉसमध्ये बुडवत राहिले, कितीतरी वेळ.

मी काटा खाली ठेवला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्यापासून संगणक या खोलीत राहील, खिडकीजवळ. दुपारी दोन ते चार आपलं दार सताड उघडं असेल. ज्याला खेळायचंय त्यानं स्वतःचं नाव टाकायचं आणि कागदावर सही करायची. आई, तू आधी तो शेवटचा भाग बघ, मी थांबते. आणि बाबा, त्या अकरांतला एक खेळ तुमचा आहे. तो सेन्योरा सुलेमांच्या नावावर राहिलेला मला चालणार नाही. पहिली सही तुमची."