खंडेनवमीचा एक्सल

"पाच मिनिटांचं काम आहे!" दीपेश म्हणाला, तेव्हाच रुचिकाने सावध व्हायला हवं होतं. नवऱ्याची पाच मिनिटं केवढी असतात, हे बायकोला नाही कळणार तर कुणाला?

काम तसं साधंच. दसऱ्याच्या सकाळी घोलवडला चिकूच्या वाड्यांमधून सायकलींची शर्यत होती. त्यासाठी रुचिकाने रोज पहाटे तलासरीचे सगळे चढ घामाघूम होऊन पालथे घातले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या पाठीवर नंबर लागणार होता! पण सायकल माउंटन बाइक आणि गाडी चिमुकली. पुढचं चाक काढल्याशिवाय सायकल आत मावेना. चाक काढायचं तर चाकाला धरणाऱ्या फोर्कमधून आरपार गेलेला दांडा, म्हणजे एक्सल, आधी बाहेर यायला हवा.

तो एक्सल मागच्या आठवड्यात आवळला होता खुद्द दीपेशने. त्याचं दुकान ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टचं, त्यामुळे हातही ट्रॅक्टरचाच. बायको उतारावरून येणार, चाक निखळायला नको, या मायेपोटी त्याने एलन कीला, म्हणजे त्या षटकोनी चावीला, पाइप लावला आणि वर स्वतः उभा राहिला. एवढी माया एक्सलला झेपली नाही. तो जागीच रुतला.

खंडेनवमीच्या दुपारी दीपेश एलन की शोधायला गेला, तर घरातली आणि दुकानातली झाडून सगळी हत्यारं देवापुढे मांडलेली! पाने, हातोडे, कोयते, विळी, सगळ्यांना हळदकुंकू लावून त्याची आई जिजाबाई झेंडू वाहत बसली होती.

"आई, तेवढी एक एलन की घेतो."

"पूजेतलं हत्यार? उद्या दुपारी नैवेद्य झाल्याबिगर हात नाय लावायचा!"

"अगं, पाच मिनिटं फक्त..."

"देवी काय तुझं गिऱ्हाईक आहे, थांबा म्हणायला?"

दीपेश नाक्यावरच्या गॅरेजात धावला. तिथेही पूजा! मग थेट डहाणू गाठलं. सायकलवाल्याच्या पंपालासुद्धा हार घातलेला! "शेठ, आज नाय," तो हात जोडून म्हणाला. दीपेश हात हलवत परत आला.

तोवर शेजारचे काकड्या काका मुसळ घेऊन अंगणात हजर.

"बैलगाडीचं चाक कसं काढतात? ठोकून!"

"काका, याला आटे आहेत."

"असंनात! त्यांनाही कळू दे!"

धाड! धाड! सायकल टुणकन उडाली, कोंबड्या पळाल्या, शेजारीपाजारी जमले, एक्सल तसाच.

"सायकलबरोबर आलेली एलन की माझ्या बॅगेत आहे," दारातून रुचिका म्हणाली.

"मग आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

दीपेशने कीला पाइप लावला आणि सगळा जोर एकवटला. कपाळाच्या शिरा तट्ट फुगल्या.

"अहो, तुम्ही आवळताय."

"मी ट्रॅक्टर खोलतो, रुचिका!"

"ट्रॅक्टर खोलत असाल. हे आवळताय."

कुणी बघत नाही असं पाहून दीपेशने हळूच दिशा बदलली. सगळेच बघत होते. कट्ट! एक्सल फिरला आणि सुळ्ळकन बाहेर आला. अंगणात टाळ्यांचा कडकडाट! दीपेशने एक्सल ओट्यावर ठेवला आणि आपण तो कसा काढला, हे चहा पिता पिता प्रत्येकाला निराळं सांगितलं. खरी कमाल मुसळाची, असं काकड्या काकांचं म्हणणं.

दसऱ्याला उजाडता उजाडता सायकल गाडीत, चाक मागच्या सीटवर आणि दीपेश सातव्या आसमानात. घोलवडला पोचून त्याने ऐटीत चाक फोर्कला लावलं आणि हात पुढे केला.

"एक्सल दे."

"माझ्याकडे कुठंय?"

सीटखाली पाहिलं, पायपुसण्याखाली पाहिलं, खिसे उलटे केले. शेवटी दीपेशने घरी फोन लावला.

"आई, ओट्यावर एक लोखंडी दांडा होता बघ..."

"होता ना! रात्रीच पुसून पूजेत ठेवला. काय राबला बिचारा! त्यालाही झेंडू वाहिला."

"आई, आत्ताच्या आत्ता कुणाबरोबर तरी पाठव!"

"पाठवते की. नैवेद्य झाला का लगेच."

तेवढ्यात शिट्टी झाली. सायकली सळसळत निघाल्या आणि वाडीच्या वळणाआड दिसेनाशा झाल्या. पाठीवर नंबर लावलेली रुचिका हातात चाक धरून बघत राहिली. तिचे डोळे भरून आले.

"पुढच्या वर्षी..." तो पुटपुटला.

रुचिकाने डोळे पुसले, चाक त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या खिशातून गाडीची चावी काढून घेतली.

"मी गाडी घेऊन जाते हं," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही सायकल घेऊन या."