केसरबाईच्या वड्या

एका जंगलात, बाळांनो, जिथे रस्ता अजून पोचला नव्हता पण गिफ्ट द्यायची पद्धत मात्र पोचली होती, तिथे केसरबाई नावाची अस्वलीण राहायची.

दर दिवाळीला ती गूळ, मध आणि चारोळीच्या वड्या करायची. वेताच्या परडीत पान अंथरून त्या रचायची, परडीला लाल फीत बांधायची आणि घरोघरी स्वतः नेऊन द्यायची. "घरी केल्यात हं," एवढंच म्हणायची.

परडी फार देखणी असे. वड्या दगडासारख्या असत.

हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. गव्याने तर परसातल्या चिखलात पाय ठेवायला त्याच मांडल्या होत्या. पण केसरबाई भेटली की जो तो सांगे, वड्या काय झाल्या होत्या, पोरांनी एका दिवसात फस्त केल्या. मग केसरबाई सुखावायची आणि पुढच्या वर्षी परडीत चार वड्या जास्त घालायची.

दामोजी साळिंदराची गोष्ट निराळी. साळिंदराचं सगळं दातांवर चालतं. मुळं कुरतडायची, कंद फोडायचे. एका दिवाळीला त्याने वडी चावली आणि पुढच्या दाताचा टवकाच उडाला. त्याची बायको सगुणा म्हणाली, सगळे गप्प बसतात तसे तुम्हीही बसा. पण दामोजीचे काटे उभे राहिले होते. तो तडक केसरबाईच्या गुहेत गेला.

"केसरबाई, तुमचा पाक फार कढतो," तो म्हणाला. "माझा दात तुटला. आणि खरं सांगू? जंगलात कुणीच तुमच्या वड्या खात नाही."

केसरबाईने चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं. मग तिने त्याला पाणी दिलं आणि ती आत गेली.

जंगल दामोजीवर भयंकर चिडलं. बाई एवढा जीव ओतून करते, आणि हा तोंडावर बोलतो म्हणजे काय? हुप्प्या वानर मुद्दाम गुहेत जाऊन सांगून आला, की तुमच्या वड्यांना तोड नाही. ते अगदी खरं होतं. दामोजीला बारशा-जेवणाची आमंत्रणं येईनाशी झाली. सगुणा आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

केसरबाईने मात्र वर्षभर चूल विझू दिली नाही. पाक दोन बोटांत धरून तार बघायची. चुकला की ओतून द्यायची, पुन्हा चढवायची.

पुढच्या दिवाळीला परड्या निघाल्या. वडी जिभेवर ठेवताच विरघळत होती. गव्याने परडीतलं पानसुद्धा चाटून पुसून खाल्लं. हुप्प्याला दोन परड्या मिळाल्या, कारण वाईट दिवसांत तो केसरबाईच्या पाठीशी उभा राहिला होता.

शेवटी केसरबाई दामोजीच्या दारात आली.

"दामोजी, तुमच्यामुळे जमलं हो सगळं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे खरोखर भरून आले. "तुम्ही बोलला नसता तर मी जन्मभर दगडच वाटले असते."

दामोजीने मान लववली आणि दोन्ही हात पुढे केले.

"छे, तुम्हाला कशाला?" केसरबाई मायेने म्हणाली. "तुम्हाला माझ्या वड्या आवडत नाहीत. उगाच भिडेखातर खाल. सगुणावहिनी, ही घ्या. तुम्ही बिचाऱ्या कधी एका शब्दाने बोलला नाहीत."

ती गेल्यावर सगुणाने परडी मांडीवर घेतली आणि नवऱ्याकडे पाठ करून बसली. दामोजीने थोडी वाट पाहिली. मग हळूच विचारलं, एखादी मिळेल का.

"दात जपा," सगुणा म्हणाली. तोंड भरलेलं असल्याने ते नीट ऐकूही आलं नाही.

तात्पर्य : खरं बोलणाऱ्याची समाजाला फार गरज असते. म्हणून ते काम शेजाऱ्याला करू द्यावं, आणि आपण हात धुऊन परडीची वाट बघावी.