एक पान, एक गिलास

चिठ्ठीवर मागितलेलं पुस्तक मन्मथप्पा पहिल्या खेपेला कधीच देत नसत. मी धरणांवरची माहिती मागितली, तेव्हा त्यांनी मधमाशापालन काढून दिलं. "पेपरवाले, धरणात काय हाय सध्या? हे न्या." दुसऱ्या दिवशी धरणांचं पुस्तक मिळालं. मधमाशा मात्र मी आठवडाभर वाचत होतो.

मन्मथप्पा लातूरच्या एका कॉलेजचे ग्रंथपाल. धोतर, काळा कोट, कपाळावर भस्माचे पट्टे. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता. त्याच उन्हाळ्यात कॉलेजनं वाचनालयासाठी नवा हॉल बांधला. कुलपं नसलेली उघडी कपाटं, वर्तमानपत्रांचा स्टँड, मुलींसाठी खिडकीकडची रांग. आता वाचक हवं ते पुस्तक स्वतः घेणार होते. मन्मथप्पा मागे उभे राहून म्हणत, "घ्या, घ्या. पण दोन पुस्तकं उजवीकडं सरका."

अडचण वेगळीच आली. नव्या जिल्ह्याला कचेऱ्यांसाठी खोल्या पुरत नव्हत्या. एका खात्याची नजर हॉलवर पडली. प्राचार्यांनी सांगितलं, "अप्पा, सोमवारी दुपारी साहेब पाहणीला येणार. हॉल रिकामा दिसला तर गेला म्हणून समजा."

दुपारी हॉल रिकामाच असे. पाणी नाही म्हणून खेड्यांतली मुलं बाराच्या एसटीनं घरी जात.

शनिवारी दारात पाण्यानं भरलेला रांजण आला. वर पाटी: 'एक पान वाचा, एक गिलास प्या.'

सोमवारी दुपारी मी गेलो तेव्हा बसायला जागा नव्हती. विद्यार्थी होते, एसटीचे दोन कंडक्टर होते, चाकूरहून बाजाराला आलेल्या बाया होत्या. शाळेत गेलेली एकजण बाकीच्यांना वाचून दाखवत होती. देवणीचा एक बैलांचा व्यापारी अडून बसला.

"अप्पा, मला वाचता येत न्हाई."

"मग ऐका." मन्मथप्पांनी जनावरांच्या रोगांचं पुस्तक उघडलं.

अर्ध्या पानावर व्यापारी म्हणाला, "चूक हाय हे. असा कुठं उपचार असतोय?"

मन्मथप्पांनी पेन्सिलीनं समासात लिहिलं: 'देवणीच्या पाहुण्यांचं मत वेगळं.' आणि गिलास भरून दिला.

तेवढ्यात साहेब आले. घामाघूम. त्यांनी रांजणाकडे हात केला.

"साहेब, आधी पान."

प्राचार्यांनी डोळे मिटले. साहेबांनी पाटी वाचली, जवळचं पुस्तक घेतलं आणि बसले. ते तीन गिलास पाणी प्यायले. उठताना विचारलं, "हे सगळे विद्यार्थी आहेत?"

"वाचायलेत न्हवं? मग विद्यार्थीच."

साहेब हसले. कचेरी दुसरीकडे गेली.

बातमी लिहिताना एक प्रश्न उरला. कॉलेजात टँकर चार दिवसांतून एकदा येई. मग रांजण रोज कसा भरत होता? रविवारी मी अप्पांच्या घरी गेलो. ओसरीवर दहा घागरी ओळीनं भरलेल्या होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"गल्लीत माणशी दोन घागरी मिळत्यात," ते म्हणाले. "यादीत आमची पाच नावं हायत. पोरगा, सून, दोन नातवंडं. ते पुण्याला गेले, लई दिवस झाले. नावं कमी करायला म्हणून गेलतो मी. तिथं पेन घेतला, पण रेघ मारवंना. म्हणलं, राहू द्या. त्यांच्या वाट्याचं कुणीतरी पिऊ द्या." मग त्यांनी तांब्या भरला. "आज वाचनालय बंद. घाईत न्हाईत ना?"

पाण्याचा उगम मी बातमीत लिहिला नाही.

मला तहान नव्हती. मी दोन तांबे पाणी प्यायलो आणि दिवेलागणीपर्यंत बसलो.