तळ्याकाठच्या घराचे सव्वीस मुद्दे

टाचणीरावांनी तळ्याकाठी सुट्टीचं घर घ्यायचं ठरवलं ते एका मंगळवारी, चहा निवायच्या आत. (एवढ्या झटपट घेतलेला हा त्यांचा आयुष्यातला एकमेव निर्णय. बाकीचे अजून विचाराधीन आहेत.)

पाणीपुरवठा खात्यात ते हेडक्लार्क होते आणि निवृत्तीला तीन महिने उरले होते. दोन कागद जवळ दिसले की त्यांना टाचणी मारल्याशिवाय चैन पडत नसे, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलेलं. कागदात काय लिहिलंय ते वाचणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटे. "वाचत बसलो तर कामं कधी करायची?" असं ते हाताखालच्या कारकून बाईंना बजावत. "पानं मोजा, जोडपत्रं मोजा, सही ठोका, पुढे ढकला!" अशा कारभारात शहराला एकतीस वर्षं पाणी मिळालं, हे शहराचं नशीब.

त्यांची बायको शिवणवर्ग चालवायची. तळमजल्यावर तिची स्वतःची खोली होती. मशीन खिडकीशी, आणि खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत, भिंतीवर सांडपाण्याचा पाइप. तीस वर्षं मान वर केली की तोच पाइप. घरासाठी ती खोली विकावी लागणार हे कळल्यावर ती बराच वेळ कात्रीशी चाळा करत बसली.

"विकते," ती शेवटी म्हणाली. "पण अहो, मशीनवर बसलं की समोर पाणी दिसलं पाहिजे. मला दुसरं काही नको."

"पाणी? अगं, पाणी म्हणजे माझं खातं!" टाचणीराव म्हणाले.

मग ते कामाला लागले. मासिकं चाळून, ओळखीच्यांना पिडून त्यांनी तळ्याकाठी घर घेताना पाहायच्या सव्वीस गोष्टींची चार पानी यादी केली. खिडक्यांची दिशा, डास, रस्ता, डॉक्टर किती लांब, मोबाइलला रेंज. घर पाहायला गेल्यावर ओल तपासायला त्यांनी तिथल्या दिवाणखान्याची भिंत दोन ठिकाणी चाटून पाहिली. घर दाखवणाऱ्या दलालानं तोंड फिरवलं.

"साहेब, गिऱ्हाईक असावं तर असं," तो म्हणाला. "हे निळाई तळं म्हणजे स्वर्ग आहे, स्वर्ग!"

सव्वीसच्या सव्वीस मुद्द्यांपुढे बरोबरची खूण झाली. खोली विकली गेली, खरेदीखत झालं. ऑफिसात टाचणीराव यादीच्या प्रती वाटू लागले. कुणी मागितली नाही तरी देत.

निवृत्तीनंतर दोघं मशीन घेऊन तिथे गेले. खिडकीतून काठोकाठ पाणी दिसत होतं. बायकोनं मशीनला दोरा ओवला आणि किती तरी वर्षांनी ती काम करताना गुणगुणली. टाचणीरावांना आपण फार मोठे झाल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी पाणी पायरीखाली गेलं.

"ओहोटी असेल," टाचणीराव म्हणाले.

"तळ्याला?"

"मोठ्या तळ्यांना असते."

आठव्या दिवशी खिडकीसमोर चिखल होता. चिखलात एक सायकल, तीन टायर आणि पाठ मोडलेली खुर्ची. वास असा की खिडकी लावून घ्यावी लागली. दहाव्या दिवशी खोदाईची यंत्रं आली. टाचणीराव छत्री उगारून खाली धावले, मागोमाग बायको.

"कुणाच्या परवानगीनं चाललंय हे? मी खात्यातला माणूस आहे!"

मुकादमानं शांतपणे खिशातून हुकूम काढला. जलाशय क्रमांक सात, गाळ काढण्यासाठी तीन वर्षं रिकामा ठेवणे.

"हे तर निळाई तळं," टाचणीराव म्हणाले.

"ते दलाल म्हणतात. कागदावर सात नंबर. वर्षभर अडलं होतं बघा आमचं काम. हेडक्लार्कांच्या टेबलावर पडून होतं. मग कुण्या भल्या माणसानं 'तातडीचे' असा शिक्का मारून एका दिवसात हलवलं."

निवृत्तीआधी टेबल साफ करताना टाचणीरावांनी तसे चाळीस कागद हलवले होते. आपल्यामागे काही पेंडिंग राहू नये, हा त्यांचा बाणा. बायकोनं हुकूम हातात घेतला आणि खालची सही पाहिली. लग्नापासून ती ही सही पाहत आली होती. खोलीच्या विक्रीखतावर साक्षीदार म्हणूनही हीच सही होती.

तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो अगदी रास्त होता. ती वर गेली आणि तिनं मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

टाचणीरावांनी त्याच दुपारी खात्याकडे अर्ज केला. तळं भरावं, निदान खिडकीसमोर तरी. जोडपत्रं पाच, टाचण्या सात. महिन्याभरानं अर्ज परत आला. आता त्यांच्या खुर्चीवर कारकून बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं : 'जलाशयातील सध्याच्या पाण्याचा फोटो जोडलेला नाही. अपूर्ण म्हणून परत.' बाईंनी अर्ज वाचलेला नाही, हे उघड दिसत होतं. शिष्या तयार झाली होती.

ते कपाळाला हात लावून बसले असताना बायकोनं त्यांची ती जुनी यादी पुढ्यात ठेवली.

"शेवटी एक मुद्दा वाढवलाय. बघा, पटतो का."

महिन्याभरात ती आपणहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. टाचणीरावांना भरून आलं. त्यांनी पानं मोजली. चारही होती. खाली सही केली आणि यादी परत दिली.

"वाचलंत?"

"पाहिलं ना. पटलं."

बायकोनं चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं :

"मुद्दा सत्ताविसावा. घर घेणाऱ्या माणसाला वाचता येतं का, याची आधी खात्री करून घ्यावी."

मग तिनं कागद त्यांच्यासमोर धरला.

"आणि खाली सही. तुमचीच."